सह्याद्रीत कीटक गोळा करायला निघताना

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की त्या संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या किडीचे, भुंगेरे जमतात. ऊसवाल्या शेतकऱ्याला हे दिवस पाठ असतात. तो फांद्या हलवतो आणि खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकतो. कीटक गोळा करायला शिकायचं असेल तर सुरुवात इथून करा, घाटमाथ्यावर नंतर जा. हा भुंगेरा मोठा आणि दणकट असतो, टाचणीवर नीट बसतो, आणि तुम्ही चार नेलेत तर शेतकरी आणखी मूठभर देईल. पहिल्याच संध्याकाळी हेही कळतं की भुंगेरा सापडणं सोपं असतं. तो कुठल्या झाडावर, किती वाजता, पावसानंतर किती वेळानं दिसला हे तिथल्या तिथे लिहून ठेवायला मात्र हाताला वळण लावावं लागतं.

हे वळण लागलं नसेल तर पुढचं काहीच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. संग्रहालयातला शंभर वर्षांपूर्वीचा भुंगेरा आजही अभ्यासाला उपयोगी पडतो तो टाचणीखालच्या चिठ्ठीमुळे. चिठ्ठी हरवली तर तो कुठून आला हे कोणीच सांगू शकत नाही, आणि एक जीव फुकट गेलेला असतो. म्हणून या लेखात जाळीइतकीच जागा वहीलाही दिली आहे.

आधी परवानगी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा फक्त वाघ-बिबट्यांसाठी आहे असा समज अजून सर्रास आढळतो. त्याच्या अनुसूचींत कितीतरी फुलपाखरं आणि काही भुंगेरेही आहेत. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि अनुसूचींची मांडणी बदलली, त्यामुळे जुन्या याद्यांवर विसंबू नका. अनुसूचीतला कीटक स्वतःच्या परसात सापडला तरी तो परवानगीशिवाय पकडता किंवा मारता येत नाही. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर साधी मुंगीही उचलायची नाही. तिथे राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि ती सहसा संस्थेमार्फत, संशोधनाच्या कामासाठीच मिळते. राखीव वनातही वन विभागाला विचारल्याशिवाय काही करू नये.

अडचण अशी की ट्रेकिंगमुळे ज्या जागा आपल्या ओळखीच्या झाल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच संरक्षित क्षेत्रात येतात. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, ताम्हिणी, कोयना, राधानगरी ही अभयारण्यं आहेत, चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी २०१२ साली पश्चिम घाटातल्या एकूण ३९ जागांमध्ये जागतिक वारसा यादीतही गेली. अशा ठिकाणी कॅमेरा आणि वही घेऊन जा, जाळी घरी ठेवा.

हे कागदावरचे नियम आहेत असं समजू नका. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात दोन चेक कीटकतज्ज्ञांना परवानगीशिवाय कीटक गोळा केल्याबद्दल अटक झाली. खटला चालला आणि न्यायालयानं दोघांनाही दोषी ठरवलं. त्यांच्यातला एक तर जगभर नाव असलेला भुंगेरातज्ज्ञ होता. परदेशात स्थायिक झालेल्या आणि सुट्टीत गावी येणाऱ्या मराठी मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार अनिवासी भारतीयांना संशोधनासाठी इथले जीव घ्यायचे असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. भुंगेऱ्यांची डबी बॅगेत टाकून परत जाणं बेकायदेशीर ठरू शकतं.

मग नवख्यानं जायचं कुठे? घाटमाथ्यावर कोणाची तरी खासगी जमीन शोधा. भोर, वेल्हे, मुळशी, जुन्नर, आजरा, चंदगड या बाजूला नात्यातलं, ओळखीचं कोणी ना कोणी निघतंच. भाताची खाचरं, बांधावरची झाडी, घरामागचा आंबा-फणस आणि गोठा एवढ्या जागेत एका मोसमाचं काम सहज आहे. मालकाला काय करणार ते नीट सांगा. रात्री दिवा लावणार असाल तर पोलीस पाटलांच्या कानावर घाला. डोंगरात मध्यरात्री पांढरा पडदा आणि झगझगीत उजेड दिसला की गाव जागं होतं, आणि ते स्वाभाविक आहे.

फुलपाखरं मात्र पहिली काही वर्षं सोडूनच द्या. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत असो की सह्याद्री बर्डविंग, चांगल्या फोटोवरून यांची ओळख पटते. कायद्याचा धोका सर्वांत जास्त तिथेच आहे, आणि मारून मिळणारी नवी माहिती सर्वांत कमी.

कधी जायचं

मे अखेर ते जून मध्य हा भुंगेऱ्यांचा आणि काजव्यांचा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर जाळी निरुपयोगी ठरते, कारण ओली जाळी आणि ओला कीटक यांचा लगदा होतो. पण याच दिवसांत पतंगांची चंगळ असते. पुढे पडवी असलेलं घर मिळालं तर पावसातही रात्रीचं काम उत्तम होतं. सर्वांत सुखाचा मोसम सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. सोनकी, तेरडा फुललेला असतो, गवत उंच असतं आणि उघडीप असते. नवख्यानं हाच काळ धरावा. रात्रीच्या कामासाठी अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा. चांदण्यात पडदा ओस पडतो.

सामान

जाळी विकत मिळते, पण घरी करणं अवघड नाही. जाड तारेचं दीड वितीचं कडं, मीटरभराची काठी आणि मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी. पिशवीची खोली कड्याच्या व्यासाच्या दुप्पट ठेवा, म्हणजे कीटक आत आल्यावर मनगट वळवलं की पिशवी कड्यावर मुडपून तोंड बंद होतं. गवत झोडपायला वेगळी जाळी हवी, मांजरपाटाची. मच्छरदाणी पहिल्या बोराटीलाच फाटते.

याखेरीज झाकणाच्या छोट्या बाटल्या, रुंद तोंडाची काचेची बरणी, मऊ ब्रश, चिमटा, भिंग, हेडलॅम्प, शिसपेन्सिल, वही आणि बटर पेपरचे चौकोन घ्या. हे चौकोन तिरके दुमडून त्रिकोणी पाकिटं करतात. पतंग आणि चतुर त्यात पंख मिटून सुरक्षित राहतात, आणि पाकिटावरच नोंद लिहिता येते.

छत्री तर घरात असतेच. ती सामानात सगळ्यात कामाची.

दिवसाचं काम

छत्री उघडून फांदीखाली उलटी धरा आणि फांदीवर काठीनं दोन-तीन झटके द्या. झोडपत बसू नका, पहिल्या झटक्याला जे पडतं तेच बहुतेक मिळायचं असतं. सोंडे, पानं खाणारे भुंगेरे, ढेकणांच्या जातीतले रस शोषणारे कीटक, काडीकिडे आणि अळ्या असा सगळा ऐवज छत्रीत येतो. छत्री काळी असेल तर आत जुनं पांढरं धोतर अंथरा. झाड कोणतं ते लगेच लिहा. झाडाचं नाव येत नसेल तर पान वहीत दाबून ठेवा आणि गावातल्या माणसाला विचारा.

गवतात जाळी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी चालत्या पावलाबरोबर फिरवायची. वीसेक हेलकावे झाले की थांबून तोंड बंद करा आणि आतला माल बाटलीत घ्या. नाकतोडे, तुडतुडे, माश्या आणि इवल्या गांधीलमाश्या यात मिळतात. जाळीत हात घालण्याआधी आत कोण आहे हे बाहेरून पाहून घ्या.

अगदी बारीक कीटक चिमट्यात चिरडतात. त्यासाठी ओढनळी करा. बाटलीच्या बुचातून दोन नळ्या आत सोडायच्या. एकीनं तोंडानं हवा ओढायची, दुसरीचं टोक कीटकावर धरायचं. तोंडाकडच्या नळीच्या आतल्या टोकाला मलमलचं कापड घट्ट बांधलेलं हवंच, नाहीतर कीटक थेट घशात. शेणावर किंवा बुरशीवर ही नळी वापरू नका, बुरशीचे बीजाणू मलमल अडवत नाही.

जमिनीवर फिरणाऱ्या कीटकांसाठी प्लास्टिकचा पेला मातीत असा पुरा की त्याची कड जमिनीशी अगदी सपाट येईल. केसभर कड वर राहिली तरी भुंगेरा वळसा घालून जातो. आत बोटभर पाणी आणि साबणाचा एक थेंब घाला, वर दगडांवर टेकवलेलं कौल ठेवा. शेजारी ताजं शेण ठेवलंत तर शेणकिडे येतात, आणि ते किती थोड्या वेळात येतात हे पाहण्यासारखं असतं. प्रत्येक पेल्याची जागा लिहा आणि परतताना सगळे पेले मोजून काढा. विसरलेला पेला पाऊस येईपर्यंत मारतच राहतो.

दगड उचलताना पलीकडची कड धरून तो आपल्या बाजूला कलता करा. खाली फुरसं असेल तर तुमच्यात आणि त्याच्यात दगडाची आड राहते आणि त्याला समोरून निघून जायला वाट मिळते. पाहून झालं की दगड होता तसाच ठेवा. त्याखाली एक वस्ती असते.

रात्रीचा पडदा

माझ्या मते सह्याद्रीची खरी ओळख इथे होते. दोन झाडांमध्ये दोरी बांधून पांढरी सुती चादर टांगा. तिचा खालचा हातभर भाग जमिनीवर पसरू द्या, कारण बरेच भुंगेरे आपटून खाली पडतात. दिवा म्हणजे १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब, किंवा अतिनील प्रकाशाची एलईडी पट्टी. मर्क्युरीला वीज किंवा जनरेटर लागतो, शिवाय तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकते. एलईडी पॉवर बँकेवर चालते. खेड्यातल्या वीजपुरवठ्याचा विचार करता नवख्यानं एलईडीच घ्यावी. तिच्याकडे थेट बघू नका, अतिनील किरण अडवणारा चष्मा घाला.

जागा निवडताना समोर दरी किंवा झाडी येईल असं बघा, पण वाऱ्याच्या तोंडावर पडदा लावू नका. आभाळ भरलेलं, हवा दमट आणि पान न हलणारं अशी रात्र मिळाली तर अंधार पडताच गर्दी सुरू होते. पहिल्या तासात तुडतुडे, पाणभुंगेरे, उडत्या वाळव्या. आठनंतर पतंगांची रांग लागते. हॉक मॉथ विमानासारखे आदळत येतात, त्यांना पडद्याचा कोपरा मोकळा ठेवा. रेशीमवर्गातले मोठे पतंग बऱ्याचदा उशिरा येतात. म्हणून दहाला दिवा मालवून झोपू नये. एकदा बाराच्या सुमारास आणि एकदा पहाटेआधी पडदा पाहावा.

कानांत कापसाचे बोळे घाला. दिव्याजवळ बारीक भुंगेरा कानात शिरणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि डॉक्टर तासभर लांब असतो. पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट घाला. काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबट एक भुंगेरा मानेवर चालताना जाणवला तर त्याला चिरडू नका, फुंकून उडवा. त्याच्या अंगातल्या द्रवानं कातडीवर भाजल्यासारखे चट्टे उठतात. चुकून चिरडलाच तर लगेच साबणानं धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

पडद्यावर येणाऱ्या शंभरातले पंचाण्णव फोटो काढून सोडून द्यावेत. ओळखीसाठी हातात नमुना हवाच असे थोडेच असतात आणि त्यांतही एका जातीचे दोन-तीन पुरे. उजाडायच्या आत दिवा बंद करून चादर झाडीत हळूच झटका. तसं केलं नाही तर सकाळी बुलबुल आणि कोतवाल पडद्यावरचे पतंग एकेक करून टिपतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ते तुमच्या आधी हजर असतात.

मारण्याबद्दल

हा भाग कोणालाच आवडत नाही, आवडूही नये. पण करायचाच तर जलद आणि नीट करा. बरणीच्या तळाशी बोटभर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून ते पूर्ण वाळवायचं, मग त्यात इथाइल ॲसिटेट जिरवायचं. वर जास्तीचं द्रव राहू देऊ नका, पतंगांचे खवले भिजतात. बरणीवर ठळक अक्षरात ‘विष’ लिहा आणि ती मुलांच्या, गुरांच्या आवाक्याबाहेर ठेवा. सायनाइडच्या जुन्या पद्धती कुठे वाचायला मिळाल्या तरी त्यांच्या वाटेला जाऊ नका. मुक्कामी फ्रीझर असेल तर तोच सर्वांत सोपा, रात्रभर ठेवा. पतंग आणि भुंगेरे एका बरणीत घालू नका, भुंगेरा मरेपर्यंत पतंगाच्या पंखांची चाळण करतो.

अळ्या, वाळवी अशा मऊ अंगाच्या कीटकांना टाचणी चालत नाही. ते ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. अळी आधी क्षणभर उकळत्या पाण्यात टाकली तर नंतर काळी पडत नाही. इथाइल अल्कोहोलला परवाना लागतो, ते महाविद्यालयामार्फत मिळवा. नाहीतर केमिकलच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल नवख्याला पुरतं.

काही अळ्या जिवंत घरी आणून त्याच झाडाचा पाला घालून वाढवा. कारवारला वन खात्यात असलेल्या टी. आर. बेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेच काम वर्षानुवर्षं केलं. कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते याच्या त्यांच्या नोंदींकडे सह्याद्रीतल्या पतंगांचे अभ्यासक आजही वळतात. एका जाळीनं जे कळत नाही ते एका अळीला महिनाभर सांभाळून कळतं.

चिठ्ठी

प्रत्येक नमुन्याबरोबर, त्याच रात्री, झोपण्याआधी. उद्यावर ढकललेली नोंद अंदाजानं लिहिली जाते. चिठ्ठीत या क्रमानं लिहा: देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, पकडण्याची पद्धत, गोळा करणाऱ्याचं नाव. तारखेतला महिना रोमन अंकात लिहायची कीटकशास्त्रात रीत आहे, म्हणजे ५ ऑक्टोबर की १० मे असा घोळ होत नाही. दुसऱ्या छोट्या चिठ्ठीवर झाड, वेळ आणि हवामान.

‘महाबळेश्वरजवळ’ असं लिहू नका. घाटात दोन किलोमीटरवर उंची पाचशे मीटरनं बदलते, आणि तिच्याबरोबर जंगल आणि त्यातले कीटकही. अल्कोहोलच्या बाटलीत चिठ्ठी आतच टाका, शिसपेन्सिलनं लिहिलेली. बॉलपेनची शाई विरघळून जाते आणि बाहेर चिकटवलेलं लेबल गळून पडतं.

घरी आल्यावर

टाचणी कीटकांसाठीची खास, ३८ मिलिमीटर लांब, न गंजणारी घ्या. शिवणकामाच्या टाचण्यांवर काही महिन्यांत गंज किंवा हिरवा थर चढतो. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखकवचातून, पुढच्या बाजूला टोचतात. पतंगाला छातीच्या मधोमध. माशीला आणि गांधीलमाशीला छातीवर मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे, म्हणजे निदान एक बाजू तरी शाबूत राहते. तांदळाएवढ्या कीटकाला टोचायचंच नाही. जाड कागदाच्या त्रिकोणाच्या टोकावर डिंकाच्या ठिपक्यानं तो चिकटवा आणि टाचणी त्रिकोणातून घाला. पतंगांचे पंख पसरवायला थर्माकोलच्या पाटीत खाच पाडली तरी भागतं. पंख कागदी पट्ट्यांनी दाबून आठवडाभर ठेवावे लागतात.

पावसाळ्यात दोन शत्रू असतात, बुरशी आणि मुंग्या. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्यांचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. वाळत ठेवलेल्या पाटीचं टेबल जुन्या दूध-दुभत्याच्या कपाटासारखं पाण्याच्या वाट्यांत उभं करा. मुंग्यांना एक रात्र पुरते. पेटी भरली की डांबरगोळ्या कोपऱ्यात अडकवा, मोकळ्या सोडल्या तर घरंगळून नमुने मोडतात. टाचणीखाली बारीक भुकटी दिसली तर आत कीड लागली आहे. पेटी पिशवीत गुंडाळून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा.

अंगाची काळजी

जळवा त्रास देतात, पण घाबरवण्यापलीकडे फार काही करत नाहीत. विजारीचे पाय मोज्यांत खोचा आणि मोज्यांना तंबाखूचं किंवा मिठाचं पाणी लावा. गोचीड मात्र गंभीरपणे घ्या. सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो गोचिडांमार्फत पसरतो. तिथे जंगलात पाल्यावर बसू नका, संध्याकाळी अंग तपासा, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. गवतातल्या बारीक माइट चावून स्क्रब टायफसही होतो. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डोंगरात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, औषध वेळेवर मिळालं तर तो बरा होतो.

आंबोलीच्या बाजूला चापडा साप झुडपात कमरेच्या उंचीवर बसलेला असतो आणि पानाच्या रंगाचा असतो. फांदी झटकण्याआधी नीट बघा. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली किंवा झाडाखाली जाळी उघडूच नका. अत्तर नको, धूर नको.

ओळख पटवताना

घाईनं नाव चिकटवू नका. आधी गण, मग कुळ, आणि पहिल्या वर्षी कुळापर्यंत पोचलात तरी पुष्कळ झालं. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, पतंगांसाठी ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ संकेतस्थळ पाहा. भारतीय प्राणी सर्वेक्षण १९१६ पासूनची संस्था आहे आणि तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आहे, आणि कृषी महाविद्यालयांच्या कीटकशास्त्र विभागांत पिकांवरच्या किडी ओळखणारे प्राध्यापक असतात. जाण्याआधी पत्र लिहा, वेळ मागा, आणि चिठ्ठ्या पूर्ण असलेले नमुनेच न्या. ज्या जातीचे दोन-तीन नमुने आहेत त्यांतला एक तिथे ठेवण्याची तयारी ठेवा. घरच्या पेटीपेक्षा तो तिथे जास्त वर्षं टिकेल आणि जास्त लोकांच्या उपयोगी पडेल.